विश्लेषण : रायगडच्या किनाऱ्यावर प्रकाशझोतातली मैदाने टिकतील का?

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईतील नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा, संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या आसपास भारताने दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय मिळवला. दिव्यांची भक्कम सोय नसती, तर तो सामना त्या रात्री पूर्ण होऊच शकला नसता. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येते. पनवेलची खाडी ओलांडली की उलवे, उरण आणि पुढे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत रायगडचा किनारा सुरू होतो. या पट्ट्यात कबड्डी आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटला तोटा नाही आणि स्पर्धा रात्रीच भरतात. तरीही कायमस्वरूपी, सुरक्षित आणि परवडणारी प्रकाशव्यवस्था असलेली सार्वजनिक मैदाने मोजकीच आहेत. असे का? आणि स्टेडियमची वीजव्यवस्था सुधारायची म्हणजे नेमके काय करायचे?

वानखेडेवर काय झाले होते?

वीजव्यवस्थेचा प्रश्न फक्त गावातल्या मैदानांचा नाही. १२ मे २०२२ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्ज यांच्यात आयपीएलचा सामना होता. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे सुरुवातीच्या षटकांत पंचांच्या निर्णयाला दाद मागण्याची सोय, म्हणजे डीआरएस, बंद होती. डावाच्या दुसऱ्याच चेंडूवर डेव्हन कॉन्वेला पायचीत ठरवण्यात आले. चेंडू लेग स्टंपच्या बाहेर जात असावा असे रीप्लेमध्ये दिसत होते, पण दाद मागण्याचा मार्गच नव्हता. पाठोपाठ रॉबिन उथप्पाही पायचीत झाला आणि त्यालाही दाद मागता आली नाही. चेन्नईचा डाव ९७ धावांत आटोपला आणि मुंबईने सामना पाच गडी राखून जिंकला.

जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट लीगमध्ये, देशाच्या आर्थिक राजधानीत हा प्रकार घडला. पुढे २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकापूर्वी वानखेडेवर जुन्या दिव्यांच्या जागी एलईडी दिवे आले. मात्र या प्रसंगाचा धडा दिव्यांपुरता मर्यादित नाही. स्टेडियमची वीज म्हणजे बाहेरून येणारी वाहिनी, रोहित्र, पॅनेल, केबल, जनरेटर, अर्थिंग आणि शेवटी दिवे अशी साखळी असते. त्यातली एक कडी निसटली तरी परिणाम थेट खेळावर होतो.

दिवे परत यायला इतका वेळ का लागतो?

जुन्या स्टेडियमवर मेटल हॅलाइड प्रकारचे दिवे असत आणि अनेक ठिकाणी अजूनही आहेत. या दिव्याच्या नळीत वायूचा दाब असतो. दिवा तापलेला असताना वीज क्षणभर गेली तरी तो विझतो आणि नळी थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. त्यात दहा ते वीस मिनिटे जातात. वीज दोन सेकंदांत परत आली तरी खेळ मात्र पाव तास थांबतो, तो यामुळे. एलईडीला ही अडचण नाही, तो लगेच पूर्ण प्रकाश देतो. तेवढ्याच उजेडासाठी मेटल हॅलाइडला एलईडीच्या साधारण दीडपट वीज लागते, हा दुसरा फरक.

पण एलईडीचीही नाजूक बाजू आहे. दिव्यामागे असलेला ड्रायव्हर हा इलेक्ट्रॉनिक भाग विजेच्या दाबातील चढ-उतार आणि कडकडाटातून येणारे झटके सहन करत नाही. कोकणात वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमध्ये विजा मोठ्या प्रमाणावर होतात. तेव्हा सर्ज अरेस्टर न बसवता, जुन्याच केबलवर आणि जुन्याच पॅनेलवर नवे दिवे चढवले, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच निम्मे दिवे बंद पडू शकतात. ‘दिवे बदलले’ आणि ‘वीजव्यवस्था सुधारली’ यात हा फरक आहे.

जनरेटर असला की काळजी मिटते का?

नाही. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी कटकच्या बाराबती स्टेडियमवर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामन्यात एका टॉवरचे दिवे गेले आणि खेळ सुमारे अर्धा तास थांबला. राज्य सरकारने ओडिशा क्रिकेट संघटनेकडे खुलासा मागितला. त्या टॉवरचा जनरेटर बंद पडला आणि पर्यायी जनरेटर तिथपर्यंत न्यायला वाट मिळण्यात वेळ गेला, असे संघटनेच्या बाजूने सांगण्यात आले. म्हणजे पर्याय होता, पण तो वेळेत जोडता आला नाही.

अमेरिकेतील उदाहरण याहून बोलके आहे. ३ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सुपर बोल या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात अर्धे मैदान अंधारले आणि खेळ ३४ मिनिटे थांबला. दोष निघाला तो एका रिलेमध्ये. केबलमध्ये बिघाड झाल्यास स्टेडियमचे संरक्षण व्हावे म्हणून वीज कंपनीने हा रिले मुद्दाम नव्याने बसवला होता. भार वाढताच त्यानेच पुरवठा तोडला. त्याची मर्यादा फार कमी ठेवलेली होती, असे उत्पादक कंपनीचे म्हणणे होते. नवे उपकरण बसवणे हे अर्धेच काम असते. पूर्ण भार टाकून चाचणी घेणे आणि वीज कंपनी, ठेकेदार, मैदानाचे व्यवस्थापन या तिघांनी एकत्र बसून मर्यादा ठरवणे हे उरलेले अर्धे.

मोठ्या मैदानांवर म्हणूनच एक नियम पाळला जातो. निम्मे दिवे एका स्रोतावर आणि निम्मे दुसऱ्यावर ठेवायचे, म्हणजे एक स्रोत गेला तरी पूर्ण अंधार होत नाही. प्रेक्षक बाहेर पडण्याच्या मार्गावरचे दिवे आणि ध्वनिक्षेपक बॅटरीवर ठेवायचे. हजारो लोक अंधारात एकदम उठले तर काय होईल, हा विचार सामन्याच्या निकालापेक्षा महत्त्वाचा आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर वेगळे काय?

पहिली गोष्ट वारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून जास्त होता. अलिबाग तालुक्यात विजेचा खांब अंगावर पडून एकाचा मृत्यू झाला. जिल्ह्यात हजारो खांब कोसळले, मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळ्याच्या अनेक गावांनी कित्येक आठवडे अंधारात काढले. महावितरणला इतर जिल्ह्यांतून माणसे आणि खांब आणावे लागले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा वानखेडेवरची साइटस्क्रीन कोसळली होती.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ८० वरून १२० किलोमीटर झाला, तर दीडपट वेगाने खांबावरचा दाब सव्वादोन पट होतो. त्यामुळे जुन्या खांबावर नवे दिवे चढवण्यापूर्वी त्यांचे वजन आणि वारा अडवणारा पृष्ठभाग पुन्हा मोजावा लागतो. सरावाच्या मैदानांसाठी दिव्यांची रिंग खाली उतरवता येणारा हायमास्ट किनाऱ्यावर अधिक सोयीचा ठरतो. वादळाचा इशारा आला की रिंग खाली घेता येते आणि एरवी दुरुस्तीसाठी क्रेन बोलवावी लागत नाही.

दुसरी गोष्ट मीठ. खारा वारा आणि दमट हवा लोखंड खातात, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला माहीत आहे. जस्ताचा जाड थर नसलेला खांब आधी बुंध्याशी, म्हणजे काँक्रीटला लागून गंजतो. वर रंग चांगला दिसतो आणि खाली पत्रा कागदासारखा झालेला असतो. अल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला थेट जोडली, तर खाऱ्या हवेत तो सांधा लवकर खराब होतो, तापतो आणि एक दिवस पूर्ण भार असताना जळतो. त्यासाठी दोन्ही धातूंना चालणारे बायमेटॅलिक लग मिळतात. किंमत थोडी, पण निविदेत त्यांचा उल्लेख नसेल तर ते लागत नाहीत.

तिसरी गोष्ट जमीन. पेण-अलिबागच्या खारेपाटात माती ओलसर आणि खारट आहे. तिथे अर्थिंग चांगले मिळते, पण अर्थिंगची पट्टी काही वर्षांतच गंजून जाते. टेकाडावरच्या कातळात आणि मुरमात उलटे घडते. पट्टी टिकते, पण उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमकुवत होते. आणि स्पर्धांचा हंगाम नेमका पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत असतो. दोन्हीकडे उपाय एकच, दरवर्षी पावसाळ्यानंतर आणि ऐन उन्हाळ्यात अर्थिंग मोजायचे. उधाणाच्या भरतीत किंवा बांध फुटल्यावर पाणी कुठवर येते हे गावातल्या जाणत्यांना विचारून, पॅनेलचा ओटा त्याच्या वर बांधायचा, हेही यातच आले.

एका मैदानाला वीज लागते तरी किती?

आंतरराष्ट्रीय प्रक्षेपणाचे मैदान बाजूला ठेवू. स्थानिक स्पर्धेचा साधा हिशोब पुरेसा आहे. प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश मैदानावर पडत नाही, काचेवर धूळही बसते. म्हणून ४० टक्केच प्रकाश कामी येतो असे धरू. एलईडी दर वॅटला १३० ल्युमेन प्रकाश देतो असेही धरू.

कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे. त्यावर ३०० लक्स हवा असेल, तर पाऊण किलोवॅट वीज पुरते. आजूबाजूची जागा, प्रेक्षक आणि गुणफलक धरले तरी दोन-तीन किलोवॅट. फुटबॉलच्या १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाला २०० लक्ससाठी सुमारे २८ किलोवॅट. क्रिकेटचे ६५ मीटर त्रिज्येचे मैदान ३०० लक्सने उजळायचे, तर सुमारे ७५ किलोवॅट.

या तीन आकड्यांत सगळे गणित आहे. कबड्डीला घरातल्या दोन इस्त्र्यांएवढी वीज लागते. क्रिकेटला स्वतंत्र रोहित्राचा विचार करावा लागतो. आणि भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की लघुदाबाऐवजी उच्चदाब जोडणी घ्यावी लागते, स्वतःचे उपकेंद्र उभारावे लागते, विद्युत निरीक्षकाची मंजुरी लागते आणि बिलाची पद्धतही बदलते.

सध्या स्पर्धा कशा भरतात?

गावातली मंडळे मंडप-डेकोरेशनवाल्याकडून हॅलोजन किंवा एलईडीचे दिवे, बांबू किंवा लोखंडी खांब आणि डिझेल जनरेटर भाड्याने आणतात. काही जण महावितरणकडून रीतसर तात्पुरती जोडणी घेतात. काही ठिकाणी शेजारच्या घरातून किंवा मंदिरातून वायर ओढली जाते, तर कुठे थेट आकडा टाकला जातो. शेवटचा प्रकार वीजचोरीचा गुन्हा आहे आणि सर्वांत धोकादायकही.

जनरेटर स्वस्त पडत नाही. क्रिकेटसाठी ७५ किलोवॅटचा भार चार तास चालला तर ३०० युनिट होतात. लिटरभर डिझेलमागे साधारण सव्वातीन युनिट मिळतात, म्हणजे एका रात्रीला ९० लिटरच्या वर डिझेल. बहुतेक मंडळे म्हणूनच छोटे मैदान आणि कमी उजेडावर भागवतात. चेंडू नीट दिसत नाही, डोळ्यांवर झोत येतो, दुखापती होतात.

खरा धोका मात्र पायाखाली असतो. दव पडलेल्या गवतावरून गेलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली वायर आणि तिच्याजवळून अनवाणी धावणारी मुले हे दृश्य नवे नाही. गळती होताच ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे यंत्र, ज्याला सगळे ईएलसीबी म्हणतात, दोन-अडीच हजारांत मिळते. ते लावले नसेल तर लोखंडी खांबात उतरलेली वीज कोणाचा जीव घेईल हे फक्त नशिबावर असते.

स्थानिक भागीदार म्हणजे नेमके कोण?

स्टेडियमची वीजव्यवस्था सुधारण्याच्या प्रस्तावात ‘स्थानिक भागीदार’ हा शब्द हमखास येतो. रायगडच्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ चार-पाच संस्थांमध्ये वाटलेला आहे.

पहिली महावितरण. मैदान कोणत्या वाहिनीवर आहे, त्या वाहिनीवर आधीच किती भार आहे, वादळात ती किती दिवस बंद होती हे उपविभागीय कार्यालयाला माहीत असते. अलिबागसाठी राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून, जागतिक बँकेच्या साहाय्याने, भूमिगत वाहिन्यांचे काम हाती घेण्यात आले. अशा भूमिगत वाहिनीजवळचे मैदान निवडले, तर वादळानंतर तिथे लोकांना आसरा देणेही सोपे जाते. मोठ्या मैदानावर दिवे, पाणी आणि वीज असेल तर ते आपत्तीच्या काळात मदतकेंद्र होऊ शकते, हा मुद्दा निधी मागताना फारसा मांडलाच जात नाही.

दुसरी क्रीडा संकुल समिती. रायगडचे जिल्हा क्रीडा संकुल अलिबागजवळ नेहुली येथे आहे. तालुका संकुलांसाठी ५ कोटी आणि जिल्हा संकुलांसाठी २५ कोटी रुपयांपर्यंत निधीची मर्यादा राज्य सरकारने वाढवलेली आहे. पण हा निधी मुख्यतः बांधकामाचा. इमारत, धावपट्टी, कुंपण झाले की विजेच्या वाट्याला काय उरते, हा प्रश्न राहतोच.

तिसरा भागीदार परिसरातला उद्योग. थळचा आरसीएफ, उसरचा गेल, डोलवीचा जेएसडब्ल्यू, न्हावा-शेवाचे बंदर असे मोठे प्रकल्प याच पट्ट्यात आहेत. कंपनी कायद्यानुसार ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणावर सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करता येतो. या प्रकल्पांकडे पैशांहून मोलाची आणखी एक गोष्ट आहे, खाऱ्या हवेत विजेची उपकरणे टिकवण्याचा अनुभव असलेले अभियंते. वर्षातून दोन दिवस त्यांनी मैदानाची तपासणी करून दिली, तरी ते मोठे योगदान ठरेल.

चौथा भागीदार स्थानिक परवानाधारक विद्युत ठेकेदार आणि आयटीआयमधून बाहेर पडणारे वायरमन. दिवे मुंबईहून आले तरी रात्री नऊ वाजता फ्यूज गेल्यावर मुंबईहून माणूस येत नाही. निविदेत पाच वर्षांची देखभाल, ठरावीक तासांत हजर होणारा स्थानिक माणूस आणि सुट्या भागांचा साठा या अटी घातल्या, तर काम टिकते. सर्वांत कमी दराला काम देऊन देखभाल ‘नंतर पाहू’ म्हटले, तर तिसऱ्या वर्षी खांब उभे असतात आणि दिवे नसतात.

बिल कोण भरणार?

हा सर्वांत अवघड प्रश्न आणि तो शेवटी येतो, हीच चूक. १ डिसेंबर २०२३ रोजी रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामना होता. स्टेडियमचे ३ कोटी १६ लाख रुपयांचे वीजबिल थकलेले होते आणि जोडणी २०१८ पासून तोडलेली होती. आंतरराष्ट्रीय सामन्याचे दिवे जनरेटरवर लावावे लागले. बिल बांधकाम विभागाने भरायचे की क्रीडा विभागाने, याचा वाद सुटलेला नव्हता.

हे छोट्या मैदानावरही घडू शकते, कारण स्टेडियमचा वीजवापर विचित्र असतो. वर्षात २० रात्री, चार-चार तास दिवे लागले तर ८० तास होतात. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे एक टक्काही वापर नाही. पण मंजूर भारावरचा स्थिर किंवा मागणी आकार दरमहा येतच राहतो. जेवढा मोठा भार मंजूर करून घ्याल, तेवढे न वापरलेल्या विजेचे ओझे मोठे.

सौरऊर्जा यात काही प्रमाणात मदत करू शकते. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर २०१९ मध्ये टाटा पॉवरने सुमारे ८२० किलोवॅटचा सौर प्रकल्प छतावर बसवला. दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरिंगने ग्रिडला देऊन बिल कमी करता येते. पण बॅटरी नसेल तर सौर पॅनेल रात्री दिवा लावत नाही आणि किनाऱ्यावर वादळी वाऱ्यात ते छतावर टिकवणे हा वेगळाच खर्च आहे. ‘सोलर लावले की झाले’ हे उत्तर नाही.

मग सुरुवात कुठून करावी?

आकडेच दिशा दाखवतात. एका क्रिकेट मैदानाला लागणाऱ्या ७५ किलोवॅटमध्ये २५ ते ३० कबड्डीची मैदाने उजळतात. रायगडात कबड्डी गावोगाव खेळली जाते. तालुक्यात एक भव्य स्टेडियम उभारण्याआधी दहा गावांत छोटे हायमास्ट, कायमस्वरूपी लघुदाब जोडणी, ईएलसीबी असलेले बंदिस्त पॅनेल आणि दरवर्षी तपासलेले अर्थिंग एवढे दिले, तर कमी पैशांत जास्त मुले सुरक्षितपणे खेळतील. या मैदानांचा भार घरगुती पातळीवरचाच असल्याने बिल ग्रामपंचायतीला किंवा मंडळाला झेपते.

मोठ्या मैदानासाठी क्रम वेगळा हवा. आधी बिलाची जबाबदारी लेखी ठरवायची, मग वाहिनी आणि अर्थिंग, मग पॅनेल आणि केबल आणि शेवटी दिवे. उद्घाटनाच्या दिवशी दिसतात ते दिवे, म्हणून प्रत्यक्षात बहुतेकदा हा क्रम उलटा होतो.

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी खोपोलीला जलविद्युत केंद्र सुरू केले ते १९१५ मध्ये. पुढे भिवपुरी आणि भिरा, नंतर उरणचे वायू विद्युत केंद्र. शंभर वर्षांहून अधिक काळ हा जिल्हा दुसऱ्यांसाठी वीज तयार करतो आहे. त्याच जिल्ह्यातल्या मुलांना रात्री कबड्डी खेळायला दोन-तीन किलोवॅट सुरक्षित वीज मिळणे ही काही मोठी मागणी नाही. ती पूर्ण करायला महागडे तंत्रज्ञान लागत नाही, कोण काय सांभाळणार याचा निर्णय आधी व्हावा लागतो.